युकॉनमध्ये आरव्ही: नॉर्थ क्लोंडाइक ते डॉसन, एकाच पाण्याकाठी दोन मुक्काम

रानवारा (कॅल्गरी)

नमस्कार मंडळी. इथे आरव्हीच्या, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीच्या, सहलींवर बरेच धागे आहेत, पण बहुतेक बॅन्फ-जॅस्परचे, नाहीतर यलोस्टोनचे. कॅनडाच्या वायव्य टोकाला असलेल्या युकॉनबद्दल विचारणा मात्र दर उन्हाळ्याच्या तोंडावर होते आणि प्रश्न ठरलेला असतो: दोन आठवड्यांत व्हाइटहॉर्स, डॉसन, इनुविक, आर्क्टिक महासागर आणि येताना अलास्का, एवढं बसेल का? नुसती गाडी हाकायची तर बसेलही. पण मग नदीकाठी बसणार कधी? माझ्या मते तिथे जायचं ते नदीसाठी. म्हणून हा धागा.

आमचा बेत सुटसुटीत होता. व्हाइटहॉर्सहून क्लोंडाइक हायवेने डॉसन ५३३ किमी. डॉसनच्या साधारण ४० किमी अलीकडे उजव्या हाताला खडीचा डेम्पस्टर हायवे फुटतो. त्यावर ७१ किमी आत गेलं की टूम्बस्टोन टेरिटोरियल पार्कचं कॅम्पग्राउंड लागतं, नॉर्थ क्लोंडाइक नदीला लागूनच. तिथे पहिला मुक्काम. मग मागे वळून डॉसन, फेरीने युकॉन नदी ओलांडायची आणि पलीकडच्या काठावरच्या कॅम्पग्राउंडमध्ये दुसरा मुक्काम. नॉर्थ क्लोंडाइक खाली जाऊन क्लोंडाइकला मिळते आणि क्लोंडाइक डॉसनपाशी युकॉनमध्ये शिरते. म्हणजे एकाच पाण्याच्या वरच्या अंगाला राहायचं आणि मग खालच्या. अंतर जेमतेम एकशे दहा किलोमीटर, पण नदीचा स्वभाव पार बदललेला.

वरती ती उथळ आहे, खळाळती. तळाचे गोटे स्वच्छ दिसतात, काठाला वाळुंजाची झुडपं आणि मागे बुटके, काटकुळे स्प्रूस. जमिनीखाली कायमचं गोठलेलं असल्यामुळे मुळांना खोल जाता येत नाही. हाताच्या पंजाएवढ्या जाडीचं झाड शंभरी गाठलेलं असू शकतं. भांडं भरायला पाण्यात हात घातला की मनगटापर्यंत बधिर होतो. जूनमध्ये रात्र अशी होतच नाही. मध्यरात्र उलटून गेल्यावर सूर्य टेकतो आणि तीन-चार तासांत पुन्हा वर येतो. मधल्या वेळात गाडीबाहेर खुर्ची टाकून दिव्याशिवाय वाचता येतं. आरव्हीच्या खिडक्यांना काळं जाड कापड लावायची सोय करून जा, नाहीतर मुलं झोपत नाहीत.

खाली डॉसनला संगमाच्या जागी थांबून बघा. क्लोंडाइकचं पाणी स्वच्छ, युकॉनचं गढूळ राखाडी, आणि दोन्ही काही अंतर एकमेकांना न मिसळता बाजूबाजूने वाहतात. युकॉनला हा रंग येतो तो वरच्या अंगाला मिळणाऱ्या व्हाइट रिव्हरमुळे. ती हिमनद्यांनी दळलेला दगड आणि जुन्या ज्वालामुखीची राख घेऊन येते. कनूत बसून वल्हं थांबवलं की बुडाशी सतत एक बारीक सळसळ ऐकू येते, गाळाचे कण घासत जातात त्याची. नवऱ्याला आधी वाटलं होडीला कुठे चीर गेली.

फेरीपलीकडच्या काठावर कॅम्पग्राउंडमधून प्रवाहाच्या दिशेने थोडं चालत गेलं की जुन्या आगबोटींचे सांगाडे पडलेत. मागे मोठं चाक असलेल्या या लाकडी बोटी एकेकाळी व्हाइटहॉर्स-डॉसन ये-जा करायच्या, लाकूड जाळत. १९५०च्या दशकात रस्ता आला आणि त्यांचं काम संपलं. या बोटी काठावर ओढून ठेवल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. फळ्या कुजल्यात, खिळे वर आलेत, मधून झाडं उगवलीत. वर चढू नका, मुलांना तर अजिबात चढू देऊ नका. पण बाजूने नीट फिरून बघा. वल्ह्याच्या चाकाचा लोखंडी सांगाडा, आडवा पडलेला बॉयलर, सगळं ओळखू येतं. धड राहिलेली बोट बघायची तर व्हाइटहॉर्सला एस. एस. क्लोंडाइक आहे आणि डॉसनच्या धक्क्यावर एस. एस. कीनो, १९२२ची.

प्रश्न असतील तर विचारा, माहिती आहे तेवढं सांगते.

पाणपोई (पुणे)

ताई, फार छान लिहिलंय. मुलगा व्हँकुव्हरला असतो, पुढच्या वर्षी आम्ही दोघं तिकडे जाणार आहोत आणि त्याच्या डोक्यात आरव्हीचं खूळ आहे. आमची वयं पासष्टीच्या पुढची. तीन शंका. एक, भाड्याची गाडी अशा रस्त्यावर नेऊ देतात का? दोन, तिथे वीज-पाण्याचं काय? तीन, ह्यांना बीपीच्या गोळ्या आहेत, दवाखाना किती लांब?

रानवारा

काका की काकू ते कळलं नाही, पण नमस्कार!

गाडी: करार शब्द न् शब्द वाचा. कच्च्या रस्त्याबद्दलचं कलम वेगळं असतं आणि डेम्पस्टरचं नाव घेऊन मनाई केलेली असू शकते. आम्ही पहिल्यांदा जिच्याकडे चौकशी केली त्या कंपनीने तोंडी "हो हो, चालतं" म्हटलं आणि कागदावर साफ नकार होता. तोंडी बोलण्याला अर्थ नाही, ईमेलवर लेखी घ्या. काच आणि टायर विम्यात धरलेत का तेही विचारा, कारण खडीवर नुकसान होतं ते याच दोन गोष्टींचं. परवानगी नाहीच मिळाली तर आरव्ही फक्त डॉसनपर्यंत न्या, तिथवर डांबरी आहे.

वीज-पाणी: दोन्ही कॅम्पग्राउंड सरकारी आहेत. हुकअप नाही, म्हणजे विजेची जोडणी नाही, नळाची नाही, सांडपाण्याची नाही. मिळतं काय तर सपाट जागा, टेबल, शेकोटीचं कडं, खड्ड्याचे संडास, अस्वलाला उघडता न येणारे कचऱ्याचे डबे आणि सरपण. सरपण शुल्कातच धरलेलं असतं, मोठे ओंडके असतात, कुऱ्हाड आपली न्यायची. पाणी उकळूनच प्यायचं. आम्ही गेलो तेव्हा आगाऊ आरक्षण नव्हतं, पहिला येईल त्याला जागा. पाकिटात पैसे घालून पेटीत टाकायचे, म्हणून सुट्या नोटा जवळ ठेवा.

गाडीतल्या गाडीत काटकसर कशी करायची ते जरा सविस्तर सांगते, कारण नदीकाठी किती रात्री राहता येईल ते त्यावरच ठरतं. तीन टाक्या असतात: स्वच्छ पाण्याची, धुण्या-अंघोळीच्या पाण्याची म्हणजे ग्रे, आणि संडासाची म्हणजे ब्लॅक. आधी भरते ती ग्रे. आपल्या स्वयंपाकाला भांडी फार लागतात, ताटं-वाट्या-कढई-कुकर. जेवण झालं की आधी कागदाने सगळं पुसून घ्यायचं, मग एका घमेल्यात साबणाच्या पाण्यात आणि दुसऱ्यात विसळायचं. नळ सोडून भांडी घासली तर दुसऱ्या दिवशी टाकी भरते. आणि हे पाणी झुडपात किंवा नदीत ओतायचं नाही, कितीही थोडं असलं तरी. टूम्बस्टोनला टाक्या रिकाम्या करायची सोय नाही, ते काम डॉसनला गेल्यावर. संडास बाहेरचा वापरला की ब्लॅक टाकीची काळजी मिटते. अंघोळ म्हणाल तर बादलीभर गरम पाणी आणि तांब्या. आपल्याला त्याचं काहीच वाटत नाही, शॉवरची सवय असलेल्यांनाच ते जड जातं.

विजेचं खरं खाणारं म्हणजे फर्नेस, गाडी आतून गरम ठेवणारं यंत्र. जाळतो प्रोपेन, पण पंखा बॅटरीवर चालतो. रात्रभर फर्नेस लावून झोपलात तर पहाटे दिवेही मंद होतात, आणि साधी लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं. म्हणून जाड रजया घ्या आणि थर्मोस्टॅट अगदी खाली ठेवा. टूम्बस्टोन उंचावर आहे, भर उन्हाळ्यातही पहाटे शून्याजवळ जाऊ शकतं. फ्रीज प्रोपेनवर असेल तर गाडी समतल उभी असायला हवी, चाकाखाली ठोकळे घालून ती आधी सरळ करा, मगच चहा टाका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना ते रोज बघा. गॅसच्या शेगडीवर गाडी गरम करायची नाही, कितीही कुडकुडलात तरी.

दवाखाना डॉसनला आहे. टूम्बस्टोनहून एकशे दहा किमी, त्यातले सत्तर खडीचे, म्हणजे दोन तास धरा. मोबाइलला रेंज नाही. सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारं यंत्र, गार्मिन इनरीच वगैरे, भाड्याने मिळतं. तुमच्या वयाला ते हवंच. गोळ्या दुप्पट दिवसांच्या घ्या, दोन वेगवेगळ्या पिशव्यांत.

देवराई (एडमंटन)

माहितीपूर्ण धागा, पण एका मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे. डेम्पस्टरवर ७१ किमी जाऊन परत फिरायचं म्हणजे खऱ्या रस्त्याला सुरुवात होते तिथूनच मागे येणं. ओगिल्व्ही नदी पुढेच आहे. १९३व्या किमीला एंजिनिअर क्रीकचं कॅम्पग्राउंड आहे, तिथल्या ओढ्याचे दगड खनिजांनी तांबडे झालेत. ३६९ला ईगल प्लेन्स, ४०५ला आर्क्टिक वृत्त, ४४६ला रॉक रिव्हर. त्यापुढे पील आणि मॅकेंझी या दोन नद्या फेरीने ओलांडायच्या. २०१७पासून इनुविकच्या पुढे टुकटोयाकटुकपर्यंत रस्ता झालाय, थेट महासागराला गाडी लागते. झाडं विरळ होत होत संपून जातात, ते बघायला त्या रस्त्यावर गेलंच पाहिजे.

तयारी मात्र हवी. दोन स्टेपनी, त्याही रिमसकट. हवा भरायचा पंप आणि पंक्चर काढायचं सामान. खडीत शेल या पापुद्र्यांच्या दगडाचे धारदार तुकडे असतात, टायर कापला जातो. ताशी ६०-७०च्या वर जाऊ नका, समोरून ट्रक आला तर वेग कमी करून कडेला घ्या, म्हणजे काच वाचते. पेट्रोल डॉसनला गळ्यापर्यंत भरा, ईगल प्लेन्सच्या आधी मिळेल असं धरून चालू नका. पाऊस लागला की रस्ता बंद होऊ शकतो. रस्त्यांची स्थिती सांगणारी युकॉन सरकारची ५११ सेवा आहे, निघताना बघाच.

रानवारा

देवराई, तुमच्याकडे स्वतःची उंच गाडी असेल आणि तीन आठवडे असतील तर जरूर जा, तुम्ही सांगितलेलं सगळं खरंच आहे. मी लिहितेय ते भाड्याची चोवीस-पंचवीस फुटी आरव्ही आणि बारा-चौदा दिवस असलेल्यांसाठी. त्यांनी इनुविक गाठायचा हट्ट धरला तर रोज सात-आठ तास धूळ खात गाडी चालवणं, संध्याकाळी भांडी, सकाळी पुन्हा स्टीअरिंग. घरातली एक व्यक्ती गाडी चालवते आणि दुसरी स्वयंपाक करते, नदी दोघांनाही दिसत नाही. टूम्बस्टोनला काही रात्री राहिलं की पाणी रोज वेगळं दिसतं. आम्ही होतो तेव्हा वरती डोंगरात दुपारभर पाऊस झाला आणि संध्याकाळपर्यंत आमच्यासमोरचा खडीचा पट्टा पाण्याखाली गेला. गोठलेली जमीन पाणी पीत नाही, सगळं थेट नदीत येतं. दुसऱ्या दिवशी पट्टा परत वर आला, त्यावर मूसच्या, म्हणजे इथल्या थोराड हरणाच्या, खुरांचे ताजे ठसे. एका रात्रीत पुढे निघून गेलेल्यांना यातलं काही दिसत नाही.

टेकडीपलीकडे (पुणे, सध्या व्हाइटहॉर्स)

पावसाचा मुद्दा बरोबर. फक्त एक भर घालतो, भूगर्भशास्त्र शिकल्यामुळे राहवत नाही. नॉर्थ क्लोंडाइक ही पावसाची आणि वितळत्या बर्फाची नदी. युकॉनच्या नैऋत्येच्या क्लुआनी भागातल्या डॉनजेक, व्हाइट या नद्या हिमनद्यांच्या आहेत, त्यांना पाऊस लागत नाही. दिवसभर ऊन पडलं की वरचा बर्फ वितळतो आणि दुपारनंतर, संध्याकाळी पाणी चढतं. सकाळी चालत ओलांडलेला ओहोळ संध्याकाळी ओलांडता येत नाही. त्या बाजूला गेलात तर गाडी वा खुर्च्या खडीच्या पात्रात नेऊन ठेवू नका.

आणि क्लुआनी सरोवराला जाल तर स्लिम्स नदीचं पात्र बघा. २०१६च्या मे महिन्यात कास्कावुल्श हिमनदी मागे सरली आणि तिचं पाणी स्लिम्सऐवजी दुसऱ्या खोऱ्यात वळलं. स्लिम्स बेरिंग समुद्राकडे जाणाऱ्या युकॉनच्या खोऱ्यातली, नवं पाणी अल्सेकमार्गे पॅसिफिकला. काही दिवसांत नदी जवळपास आटली. आता वारा सुटला की त्या पात्रातून धुळीचे लोट उठतात, अलास्का हायवेवरून दिसतात.

समईवात (ठाणे)

वाचतेय, अधाशासारखी! अस्वलांचं काय? आणि आपल्या फोडणीच्या वासाने ती येतील का? मला हिंगाशिवाय आमटी जमत नाही.

रानवारा

समईवात, हिंग खुशाल न्या. आत स्वयंपाक करा, पंखा लावा, दार लावून घ्या. आरव्हीच्या भिंती कडक असतात, तंबूवाल्यांसारखी भीती नाही. सांभाळायचं ते बाहेरचं. शेकोटीवर मका किंवा पापड भाजला तरी तुकडा कडेला पडू द्यायचा नाही. उरलेलं तेल, तांदळाचं धुवण, चहाचा चोथा, टूथपेस्ट, साबण, काहीही रात्री बाहेर नको. सुके बोंबील मात्र घरीच ठेवा. कुकर उत्तम, वरण-भात एकदम होतो, गॅस वाचतो, पाणीही.

बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलावर मारायचा तिखटाचा फवारा, व्हाइटहॉर्सला घ्या. विमानात चालत नाही, चेक-इन सामानातही नाही. कमरेला लावायचा, बॅगेत खोल नाही. अस्वल काही मीटरवर आल्यावरच उपयोगाचा, आणि वारा आपल्याकडे येत असेल तर तोही विचार करा. काही जण डासांच्या मलमासारखा तंबूवर, गाडीवर फवारतात, तसं करू नका. सुकलेल्या स्प्रेच्या वासाने अस्वलं उलट जवळ येतात. पाणी आणायला जाताना बोलत, टाळ्या वाजवत जा. नदीच्या आवाजात अस्वलाला आपली चाहूल लागत नाही, आणि वाळुंजाच्या झुडपात आपल्याला ते दिसत नाही. पिल्लासोबतची मूस दिसली तर लांबूनच मागे फिरा, तीही अंगावर येते.

खाडीकाठ (रत्नागिरी)

मासे? गळ टाकता येतो की नाही? युकॉनचा सॅमन फार ऐकलाय.

देवराई

परवाना घ्या आणि ग्रेलिंगसाठी टाका. पाठीवर शिडासारखा मोठा पर असलेला सुंदर मासा आहे, नियम बघून धरायचा. किंग सॅमनचं मात्र नाव काढू नका. बेरिंग समुद्रातून दोन हजारांहून जास्त किलोमीटर प्रवाहाविरुद्ध पोहत हे मासे डॉसनला पोचतात, आणि आता फारच थोडे पोचतात. एप्रिल २०२४मध्ये अलास्का आणि कॅनडाने मिळून सात वर्षं, म्हणजे माशाच्या एका पूर्ण आयुष्यभर, युकॉनवर किंग सॅमनची मासेमारी थांबवली. कॅनडात ७१,००० मासे परत यावेत हे उद्दिष्ट आहे.

रानवारा

यात सगळ्यात जास्त सोसतात ते इथले मूळ रहिवासी, त्रोंडेक ह्वेचिन लोक. क्लोंडाइकच्या मुखाशी त्यांचा मासेमारीचा जुना तळ होता. १८९६ला बोनान्झा क्रीकमध्ये सोनं सापडलं, झुंडी आल्या, आणि १८९७मध्ये चीफ आयझॅक आपल्या लोकांना घेऊन नदीच्या खालच्या अंगाला मूसहाइडला गेला. डॉसनला गेलात तर त्यांचं सांस्कृतिक केंद्र नदीसमोरच आहे, आधी तिथे जा आणि मग सोन्याची दुकानं बघा. गावाबाहेर क्लोंडाइकच्या दोन्ही बाजूंना गोट्यांचे वळणावळणाचे ढीग दिसतात, मैलोन् मैल. सोनं काढणाऱ्या तरंगत्या यंत्रांनी नदीचं पात्र उकरून मागे टाकलेला राडारोडा आहे तो. त्यातलं एक यंत्र, ड्रेज नंबर ४, जवळच उभं आहे, ते १९५९पर्यंत चाललं. वरती टूम्बस्टोनला हेच पाणी मोकळं बघून आल्यावर ते ढीग बघवत नाहीत. मला फार वाईट वाटलं.

पाणपोई

सगळ्यांचे आभार. (काकू!) मुलाला धागा पाठवला, त्याने इनुविकचा हट्ट सोडलाय. शेवटचं विचारते, कोणत्या महिन्यात जावं? आणि एवढी मोठी गाडी फेरीवर चढते का?

रानवारा

काकू, तुमच्यासाठी ऑगस्टचा शेवटचा आठवडा. जून-जुलैत उजेड भरपूर पण डासही तितकेच, जाळीची टोपी घालून जेवावं लागतं. ऑगस्टअखेर डास उतरतात, टूम्बस्टोनची झुडपं लाल-पिवळी होतात, ब्लूबेरी पिकते आणि रात्र परत येते, त्यामुळे आकाश निरभ्र असेल तर ऑरोरा, म्हणजे आकाशातला ध्रुवीय प्रकाश, तोही दिसू शकतो. थंडी मात्र पक्की, मोजे-टोपी-थर्मल घ्या, पाण्याचा पाइप रात्री आत ठेवा. मेच्या मध्याआधी जाऊ नका, नदीवरचा बर्फ फुटून फेरी सुरू व्हायला तेवढा वेळ लागतो.

डॉसनची जॉर्ज ब्लॅक फेरी फुकट आहे आणि उन्हाळ्यात रात्रीही चालते. आरव्ही चढते, रोज चढतात. फक्त धक्का खडीचा असतो आणि नदीची पातळी बदलेल तसा तो पुन्हा पुन्हा रचतात, त्यामुळे मागचा लांब भाग घासू शकतो. कर्मचारी हात करतील तसं अगदी सावकाश न्या, आणि दुपारी रांग मोठी असते म्हणून सकाळी लवकर किंवा रात्री जेवणानंतर ओलांडा. पलीकडे दुकान नाही, दूध-भाजी गावातूनच घेऊन जा. डॉसनला किराणा मिळतो पण महाग. डाळ, तांदूळ, पोहे, तेल सगळं व्हाइटहॉर्सलाच भरून घ्या.

मुलाला सांगा, गाडी ठरवताना टाक्यांची मापं विचारून इथे टाक, किती रात्री निघतील ते हिशेब करून सांगते.